फॉकनरच्या गावात काय पाहावे : ऑक्सफर्ड, मिसिसिपी

आपल्याकडे विल्यम फॉकनर शिकवला जातो तो प्रामुख्याने तंत्रासाठी. संज्ञाप्रवाह, काळाची मोडतोड, एकाच घटनेचे अनेक निवेदक एवढे मुद्दे झाले की 'द साऊंड अँड द फ्यूरी'वरचे व्याख्यान संपते, आणि विद्यार्थ्याच्या मनात अशी समजूत राहते की जेफर्सन हे गाव आणि योक्नापटॉफा ही काउंटी म्हणजे लेखकाने हवेत उभारलेली रचना आहे. आर. के. नारायण ह्यांची मालगुडी शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती काही लागत नाही. फॉकनरचे जेफर्सन मात्र मेम्फिस शहरापासून आग्नेयेला सुमारे १३० किलोमीटरवर, उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांत आजही उभे आहे. त्याचे खरे नाव ऑक्सफर्ड. २०२० च्या जनगणनेनुसार तिथली लोकसंख्या पंचवीस हजारांच्या आसपास होती. दरवर्षी जगभरातून वाचक, संशोधक आणि नुसते हौशी प्रवासी तिथे जातात.

कुठल्याही जुन्या गावात काय पाहावे ह्याची यादी कुणीतरी केलेली असते, आणि ती यादी करणाऱ्याला काय दाखवायचे आहे हे तिच्यावरून कळते. काय झाकायचे आहे हेही कळते. ऑक्सफर्डची यादी गेल्या वीसएक वर्षांत बदलली, ती वादविवाद होऊन बदलली, आणि अजून पुरती बदललेली नाही. प्रस्तुत लेखात त्या यादीची एक फेरी मारावयाची आहे.

गावाच्या नावापासूनच आरंभ करणे योग्य. १८३२ च्या पॉन्टोटॉक करारान्वये चिकासॉ ह्या आदिवासी राष्ट्राने मिसिसिपीतील आपली भूमी सोडून दिली. 'सोडून दिली' हा शब्द करारातला. प्रत्यक्षात सोडावी लागली, आणि १८३७ पासून त्या लोकांना पश्चिमेकडे हाकलण्यात आले. मधल्या काळात होका नावाच्या चिकासॉ स्त्रीच्या मालकीची जमीन तीन गोऱ्या वसाहतकारांनी विकत घेतली आणि तिच्यातील पन्नास एकर काउंटीच्या ठाण्यासाठी दिली. पुढे राज्याचे विद्यापीठ आपल्याकडे यावे अशी आशा धरून त्यांनी गावाचे नाव ऑक्सफर्ड ठेवले. आपल्याकडे मूल झाल्यावर नवस फेडतात, इथे आधी बारसे करून मग नवस बोलला गेला! तो फळालाही आला. १८४१ मध्ये विधिमंडळाने केवळ एका मताच्या बहुमताने हे गाव निवडले आणि १८४८ मध्ये विद्यापीठ सुरू झाले. होका ह्या स्त्रीचे नाव जमिनीच्या कागदात उरले. फॉकनरच्या कथाविश्वात चिकासॉ सरदार इक्केमोटुब्बे येतो, जमिनीचा पहिला व्यवहार येतो, आणि जमीन विकण्याचा अधिकार मुळात कुणाला होता हा प्रश्न 'गो डाऊन, मोझेस' (१९४२) मध्ये आयझॅक मॅकॅस्लिनला आयुष्यभर छळतो.

गावाच्या मध्यभागी चौक आहे, चौकाच्या मध्यभागी न्यायालय आहे, आणि न्यायालयाच्या चारही बाजूंनी दुमजली दुकाने व त्यांचे लाकडी सज्जे आहेत. दक्षिणेतील काउंटीच्या बहुतेक गावांचा नकाशा असाच असतो. पहिली इमारत ऑगस्ट १८६४ मध्ये यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने जाळली. चौकातील जवळजवळ सगळी घरे-दुकाने तेव्हा खाक झाली. आजची पांढरी इमारत १८७२ मध्ये पूर्ण झाली. तिच्या दक्षिण अंगाला उंच चौथऱ्यावर दक्षिणी संघराज्याच्या शिपायाचा संगमरवरी पुतळा आहे. तो १९०७ मध्ये उभारला गेला, म्हणजे युद्ध संपल्यानंतर बेचाळीस वर्षांनी. ह्या कालांतराकडे लक्ष द्यायला हवे. ज्यांचे मुलगे मेले त्यांनी शोकापोटी लगोलग उभारलेले हे स्मारक नव्हे. १८९० च्या मिसिसिपी राज्यघटनेने मतपट्टी आणि साक्षरतेच्या अटी घालून कृष्णवर्णीयांचा मतदानाचा हक्क व्यवहारतः काढून घेतला होता. त्यानंतर ज्यांची सत्ता निर्वेध झाली त्यांनी हे पुतळे गावोगाव उभे केले.

'द साऊंड अँड द फ्यूरी'च्या (१९२९) वाचकांना हा पुतळा चांगला ठाऊक आहे. कादंबरीच्या अखेरीस मतिमंद बेंजीला घेऊन ल्यूस्टर बग्गी हाकत चौकात येतो आणि पुतळ्याच्या नेहमीच्या बाजूऐवजी उलट बाजूने वळवतो. बेंजी जो आक्रोश सुरू करतो तो बग्गी नेहमीच्या दिशेला लागेपर्यंत थांबत नाही. वर्गात हा प्रसंग आपण 'क्रमाची गरज' म्हणून समजावून सांगतो. चौकात उभे राहून तो आठवला तर त्याचा आणखी एक अर्थ दिसतो : हा क्रम कोणत्या पुतळ्याभोवती फिरणारा आहे, आणि तो मोडल्यावर कोणाच्या कानशिलात बसते? बग्गी हाकणारा ल्यूस्टर कृष्णवर्णीय पोरगा आहे. त्याला मारून बग्गी वळवणारा जेसन गोरा आहे.

जुलै २०२० मध्ये काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने हा पुतळा आहे तिथेच ठेवण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात विद्यापीठाने आपल्या आवारातला असाच पुतळा (उभारणी १९०६) प्रवेशमार्गावरून हलवून आवारातल्याच युद्धकालीन दफनभूमीजवळ नेला. दोन पुतळे, एक गाव, एक महिना आणि दोन निर्णय. विद्यापीठाच्या निर्णयाचे कौतुक करताना हेही सांगायला हवे की हलवलेल्या पुतळ्यासाठी नव्या जागी जी सजावट आखली गेली होती तीमुळे अनेक विद्यार्थी व प्राध्यापक संतापले होते. पुतळा हलवून त्याचा सन्मान वाढवला जातो आहे, असा त्यांचा आक्षेप होता.

चौकातल्या दुसऱ्या एका घटनेची खूण मात्र एक शतकाहून अधिक काळ कुठेच नव्हती. ८ सप्टेंबर १९०८ च्या रात्री नेल्स पॅटन नावाच्या कृष्णवर्णीय कैद्याला जमावाने तुरुंग फोडून ठार मारले आणि त्याचे प्रेत चौकात टांगले. त्याच्यावर एका गोऱ्या स्त्रीच्या खुनाचा आरोप होता. खटला चालला नव्हता. जमावाला चिथावणी देणाऱ्यांत डब्ल्यू. व्ही. सलिव्हन हे माजी सिनेटर होते, आणि आपण नेतृत्व केले ह्याचा त्यांना अभिमान वाटत होता. तो त्यांनी वृत्तपत्रांजवळ उघडपणे बोलूनही दाखवला. फॉकनर तेव्हा अकरा वर्षांचा व्हायला थोडेच दिवस बाकी होते आणि त्याचे कुटुंब ह्याच गावात राहत होते. 'लाइट इन ऑगस्ट'मधल्या (१९३२) जो ख्रिसमसच्या शेवटामागे ही घटना असावी असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे.

इथे एक अवघड गोष्ट आहे, आणि फॉकनरप्रेमी ती सहसा टाळतात. जानेवारी १९३१ मध्ये त्याची 'ड्राय सप्टेंबर' ही कथा प्रसिद्ध झाली. अफवेच्या आधारावर एका निरपराध कृष्णवर्णीयाला नेऊन मारणाऱ्या गोऱ्या माणसांची ती कथा आहे, आणि लिंचिंगची मानसिकता इतक्या निर्दयपणे उलगडून दाखवणारी दुसरी कथा त्या काळात गोऱ्या लेखकाकडून क्वचितच आली असेल. त्यानंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी १९३१ मध्ये, मेम्फिसच्या एका दैनिकात त्याच फॉकनरचे पत्र छापून आले. लिंचिंगविरोधी चळवळीचे आभार मानणाऱ्या एका कृष्णवर्णीय वाचकाच्या पत्राला दिलेले ते उत्तर होते, आणि जमावाचा निवाडा ज्यूरीप्रमाणेच कधीकधी बरोबरही असतो असा त्याचा रोख होता. कथा आणि पत्र एकाच माणसाचे, एकाच हिवाळ्यातले. लेखकाची कलाकृती लेखकापेक्षा शहाणी असते, असे म्हणून ह्यातून सुटता येते. मला ते पुरेसे वाटत नाही. कथेतल्या गोऱ्या माणसांच्या श्वासाची, घामाची, धुळीची जी जवळीक त्याच्या लेखणीला आहे ती बाहेरून पाहणाऱ्याची नव्हे; तो त्याच बाकावर बसलेला होता, आणि त्यामुळेच त्याला तो बाक इतका स्पष्ट दिसला.

आता चौकात ती खूणही आली आहे. ह्या काउंटीत १९३५ मध्ये, ज्यूरी निकालाचा विचार करीत असतानाच, जमावाने एलवुड हिगिनबॉथम ह्यांना तुरुंगातून ओढून नेऊन फाशी दिले होते. त्यांचा स्मृतिफलक २०१८ मध्ये गावाच्या उत्तर भागात रस्त्याकडेला उभा राहिला. पुढे २०२२ मध्ये काउंटीतील लिंचिंगच्या सात बळींची नावे असलेला दुसरा फलक न्यायालयाच्याच आवारात लागला. दगडी शिपाई मात्र अजून त्याच इमारतीच्या सावलीत आहे. प्रवाशाने दोन्ही पाहावेत, आणि दोन्हींच्या उंचीतला फरकही पाहावा.

चौकातून हलण्यापूर्वी 'स्क्वेअर बुक्स' हे पुस्तकांचे दुकान पाहायला हवे. रिचर्ड आणि लिसा हॉवर्थ ह्या दांपत्याने ते १९७९ मध्ये सुरू केले, आणि पुढे दुकानदार रिचर्ड हॉवर्थ २००१ ते २००९ ह्या काळात गावाचे महापौर होते. पुस्तकविक्रेत्याला महापौर करणारे गाव! आपल्याकडे पुस्तकांची दुकाने बंद पडून तिथे मोबाइलची दुकाने थाटली जातात तेव्हा हे उदाहरण आठवल्याखेरीज राहत नाही. नगरपालिकेच्या इमारतीसमोर बाकावर पाइप घेऊन बसलेला फॉकनरचा कांस्यपुतळा आहे. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९७ मध्ये, तो बसवला गेला. प्रवासी त्याच्या शेजारी बसून छायाचित्रे काढतात. हयातीत मात्र लोकांना टाळणारा म्हणूनच तो गावात प्रसिद्ध होता.

चौकापासून पायी जाण्याच्या अंतरावर, देवदारांच्या दुहेरी रांगेच्या शेवटी, 'रोवन ओक' हे त्याचे घर आहे. रॉबर्ट शिगॉग नावाच्या आयरिश वसाहतकाराने १८४४ च्या सुमारास बांधलेली ही वास्तू फॉकनरने १९३० मध्ये सहा हजार डॉलरला घेतली तेव्हा तीत वीज नव्हती, नळ नव्हते आणि छप्पर गळत होते. 'रोवन' हे नाव त्याने फ्रेझरच्या 'गोल्डन बाऊ'तल्या रक्षक वृक्षावरून दिले. त्या झाडाची आणि ओकची जोडी नावात आहे. अंगणात मात्र रोवन नाही. १९७२ मध्ये विद्यापीठाने हे घर विकत घेतले आणि आता ते संग्रहालय आहे. बहुतेक पर्यटक पाहतात ती खालच्या मजल्यावरची लिहिण्याची खोली. 'अ फेबल' (१९५४) ह्या कादंबरीचा आराखडा त्याने त्या खोलीच्या भिंतींवर, आठवड्यातल्या एकेका वाराच्या मथळ्याखाली लिहून काढला होता, आणि ते अक्षर आजही तसेच आहे. माझ्या मते 'अ फेबल' ही त्याची फसलेली कादंबरी आहे, परंतु भिंतीवर वार लिहून त्यांच्याखाली प्रसंग मांडणारा माणूस पाहिल्यावर तिच्याविषयी वाईट बोलवत नाही. वरच्या मजल्यावर त्याच्या पत्नीच्या खोलीत खिडकीला वातानुकूलन यंत्र आहे. यजमानाला त्या यंत्राचा तिटकारा होता आणि त्याच्या दफनविधीनंतर लगेच ते बसवले गेले, असे तिथे सांगतात.

घराच्या मागे वेगळे स्वयंपाकघर आहे, तबेला आहे, आणि कॅरोलाइन बार ह्यांची खोली आहे. ह्या बाईंचा जन्म गुलामगिरीत झाला. फॉकनर आणि त्याच्या भावांना त्यांनी वाढवले, आणि १९४० मध्ये त्या वारल्या तेव्हा फॉकनरने आपल्या दिवाणखान्यात त्यांचे शव ठेवून स्वतः श्रद्धांजलीपर भाषण केले. 'गो डाऊन, मोझेस' त्यांना अर्पण केलेले आहे. सेंट पीटर्स दफनभूमीत त्यांच्या थडग्यावर त्यांच्या गोऱ्या लेकरांनी त्यांना दुवा दिल्याचा मजकूर कोरलेला आहे. मायेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तथापि त्यांना स्वतःचीही लेकरे होती, आणि ती दगडावर नाहीत, हे ध्यानात आल्यावर त्या ओळीपुढे आपण थोडे अधिक वेळ थांबतो. आपल्याकडच्या वाड्यांतल्या दाया आणि कुळंबिणींची आठवण इथे आपोआप होते. त्यांच्या नावाचा तर दगडही नसतो. विद्यापीठातील काही अध्यापकांनी २०१३ मध्ये गुलामगिरीच्या संशोधनासाठी गट स्थापन केल्यानंतर रोवन ओकच्या आवारात उत्खननही झाले, आणि शिगॉगच्या काळात इथे राबणारे गुलाम कुठे राहत होते हा प्रश्न प्रथमच ह्या घराच्या इतिहासाचा भाग झाला.

फॉकनरची कबर त्याच दफनभूमीत, उताराच्या पायथ्याशी आहे. येणारे वाचक तिच्यावर व्हिस्कीच्या बाटल्या ठेवून जातात. कुणी भरलेल्या, बरेचसे रिकाम्या.

तो वारला ६ जुलै १९६२ रोजी. गावातील दुकानदारांनी त्याच्या अंत्ययात्रेच्या वेळी काही मिनिटे दुकाने बंद ठेवली होती. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच त्याच्या गावात लढाई झाली. हा शब्द अतिशयोक्त नाही. हवाई दलात नऊ वर्षे नोकरी केलेल्या जेम्स मेरेडिथ ह्या कृष्णवर्णीय तरुणाला विद्यापीठात प्रवेश देण्याचा आदेश न्यायालयाने दिला होता आणि राज्यपाल रॉस बार्नेट ह्यांनी तो उघडपणे धुडकावला होता. ३० सप्टेंबर १९६२ च्या रात्री विद्यापीठाच्या 'लायसियम' ह्या मुख्य इमारतीसमोर केंद्राचे मार्शल आणि हजारोंचा जमाव ह्यांच्यात पहाटेपर्यंत दगड, बाटल्या, अश्रुधूर आणि गोळ्या चालल्या. पॉल गिहार हा फ्रेंच पत्रकार आणि रे गंटर हा स्थानिक कारागीर असे दोघे मारले गेले. दीडशेहून अधिक मार्शल जखमी झाले. राष्ट्राध्यक्ष केनेडींना सैन्य पाठवावे लागले, आणि हळूहळू तीसेक हजार सैनिक ह्या परिसरात जमा झाले. एका विद्यार्थ्याच्या नावनोंदणीसाठी! दुसऱ्या दिवशी सकाळी मेरेडिथने नाव नोंदवले आणि ऑगस्ट १९६३ मध्ये तो पदवीधर झाला.

लायसियमच्या खांबांवर गोळ्यांच्या खुणा दाखवतात. ही इमारत १८४८ ची, विद्यापीठातली सर्वांत जुनी, आणि गुलामांच्या श्रमांतून उभी राहिलेली; तसे सांगणारा फलक विद्यापीठाने २०१८ मध्ये लावला. तिच्या मागच्या बाजूला मेरेडिथचा पुतळा आहे. तो एका दारातून आत पाऊल टाकतो आहे असे शिल्प २००६ मध्ये बसवले गेले. २०१४ मध्ये काही विद्यार्थ्यांनी रात्रीच्या वेळी त्या पुतळ्याच्या गळ्यात फास अडकवला. पुढे त्यांपैकी एकाला तुरुंगवासही झाला. विद्यापीठाचे लाडके नाव 'ओल मिस' हे आहे. भाषेच्या विद्यार्थ्यांनी त्याची व्युत्पत्ती ध्यानी घ्यावी. १८९७ च्या सुमारास वार्षिक अंकासाठी ते सुचवले गेले, आणि मळ्यावरचे गुलाम मालकाच्या बायकोला ज्या शब्दांनी हाक मारत ते हे शब्द. 'थोरल्या बाईसाहेब' असा त्याचा मराठी भावार्थ होईल. पदवीपत्र कितीही वेगळे नाव मिरवत असले तरी खेळाच्या मैदानावर आजही बाईसाहेबांचाच जयजयकार होतो.

आवारातली बर्नार्ड वेधशाळा १८५९ ची आहे. तिच्यासाठी जगातील सर्वांत मोठे दुर्बिणीचे भिंग मॅसॅच्युसेट्समध्ये तयार होत होते; युद्ध पेटले आणि भिंग मिसिसिपीला आलेच नाही. त्याच भिंगाची चाचणी घेताना जानेवारी १८६२ मध्ये व्याधाच्या ताऱ्याचा अदृश्य सोबती प्रथम दिसला. भिंग शिकागोला गेले. रिकाम्या वेधशाळेत आता दक्षिणी संस्कृतीच्या अभ्यासाचे केंद्र आहे. फॉकनर ह्याच विद्यापीठात थोडा काळ विद्यार्थी होता आणि १९२१ ते १९२४ इथल्या टपालघराचा पोस्टमास्तर. लोकांची पत्रे वेळेवर न देता तो आत बसून पुस्तके वाचत असे, अशा तक्रारी होऊन ती नोकरी गेली. १९७४ पासून दर उन्हाळ्यात त्याच्यावरची परिषद ह्याच आवारात भरते.

गावात एल. क्यू. सी. लामार ह्यांचे घरही संग्रहालय म्हणून २००८ मध्ये खुले झाले. मिसिसिपीच्या फुटून निघण्याचा जाहीरनामा १८६१ मध्ये लिहिणारे हे गृहस्थ पुढे सिनेटर, मंत्री आणि सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, आणि जॉन केनेडींनी धैर्यवान राजकारण्यांवरच्या आपल्या पुस्तकात (१९५६) त्यांना समेटाचे प्रतीक म्हणून गौरवले. सहा वर्षांनी त्याच केनेडींना लामारांच्या गावावर सैन्य धाडावे लागले. हा समेट कोणाकोणात झाला होता आणि कोणाला वगळून झाला होता, हे पाहायचे असेल तर लामारांचे घर पाहिल्यावर 'बर्न्स बेल्फ्री' ह्या जुन्या चर्चमध्ये जावे. मुक्त झालेल्या गुलामांनी स्थापन केलेले ते गावातले पहिले कृष्णवर्णीय चर्च. आजची विटांची इमारत १९१० ची आहे, मध्यंतरी ती कादंबरीकार जॉन ग्रिशम ह्यांच्या मालकीची होती, आणि आता तिथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे प्रदर्शन आहे. भोवतालच्या वस्तीला 'फ्रीडमन टाउन' म्हणत. मराठी वाचकाला 'गावकुसाबाहेर' हा शब्द इथे फार समजावून द्यावा लागत नाही.

आसपासच्या गावांपैकी न्यू अल्बनी हे फॉकनरचे जन्मगाव (१८९७). तिथे थोडक्यात आटोपता येते. रिप्लीच्या दफनभूमीत त्याच्या पणजोबांचा भव्य पुतळा आहे. कर्नल विल्यम फॉकनर हे सैनिक, रेल्वेमार्गाचे कंत्राटदार आणि खपाऊ कादंबरीकार. १८८९ मध्ये जुन्या भागीदाराने त्यांना भर रस्त्यात गोळी घातली. कादंबऱ्यांतले कर्नल सार्टोरिस ते हेच. 'सँक्च्युअरी'तली (१९३१) टेम्पल ड्रेक ज्या टेलर स्थानकावर गाडीतून उतरते ते गाव दक्षिणेला बारा-तेरा किलोमीटरवर आहे. गाडी केव्हाच बंद झाली, पण तळलेला कॅटफिश खायला शनिवारी तिथे रांग लागते.

खरे पाहण्यासारखे गाव उत्तरेला पन्नासएक किलोमीटरवरचे होली स्प्रिंग्ज. युद्धपूर्व काळातील खांबांच्या हवेल्या तिथे शाबूत आहेत, आणि १९३० च्या दशकापासून दर वसंतात त्या लोकांना दाखवण्याचा सोहळा होतो. घेरदार झगे घातलेल्या स्त्रिया दारात उभ्या राहून झुंबरे, पियानो आणि पूर्वजांची तैलचित्रे दाखवीत आल्या. २०१२ पासून काही घरमालकांनी आणि अभ्यासकांनी त्याला एक दुसरी फेरी जोडली : हवेलीच्या मागे जायचे, स्वयंपाकघर आणि गुलामांच्या खोल्या पाहायच्या. तिथे चुलीवर प्रत्यक्ष अन्न शिजवून दाखवले जाते, विटांवर उमटलेले गुलामांच्या बोटांचे ठसे दाखवले जातात. पुढच्या दारातून जाणारे आणि मागच्या दारातून जाणारे पाहुणे नेहमी एकच नसतात.

१६ जुलै १८६२ रोजी इडा बी. वेल्स ह्यांचा जन्म होली स्प्रिंग्जमध्ये गुलामगिरीत झाला. त्यांचे वडील ज्या मालकाकडे सुतारकाम करत त्याचे घर आता त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. १८७८ च्या पीतज्वराच्या साथीत आईवडील गेल्यावर सोळा वर्षांच्या इडाने शिक्षिका होऊन भावंडे सांभाळली, आणि पुढे लिंचिंगच्या एकेका घटनेची नावे, तारखा व कारणे गोळा करून ती जगापुढे मांडली. फॉकनरचे १९३१ चे पत्र छापून आले त्याच महिन्यानंतरच्या मार्चमध्ये त्या वारल्या. ह्याच गावच्या दफनभूमीत हायरम रेव्हेल्स आहेत, १८७० मध्ये मिसिसिपीतून सिनेटवर गेलेले, अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली तेव्हाचा मिसिसिपी हा रेव्हेल्सचा मिसिसिपी होता : कृष्णवर्णीय मतदान करत होते, निवडून येत होते, शाळा काढत होते. अर्पणपत्रिकेनंतर दोनच वर्षांनी, १८७५ च्या निवडणुकीत, बंदुकीच्या धाकाने ते सारे मोडून काढले गेले. जोतीरावांचा आशावाद भाबडा होता असे ह्यावरून म्हणू नये. ते ज्या क्षणी लिहीत होते त्या क्षणी तो वास्तवाला धरून होता. पुढे १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी 'दलित पँथर' हे नाव घेतले तेव्हा त्यांना अमेरिकेतल्या सदाचारी लोकांची आठवण झाली नाही, ओकलंडच्या 'ब्लॅक पँथर'ची झाली. दोन अमेरिकांमधले हे शंभर वर्षांचे अंतर समजून घ्यायचे तर होली स्प्रिंग्जची ती दफनभूमी उपयोगाची आहे.

'अ‍ॅब्सलम, अ‍ॅब्सलम!'ला (१९३६) फॉकनरने स्वतः काढलेला योक्नापटॉफाचा नकाशा जोडला आहे आणि त्याखाली आपण ह्या भूमीचे एकमेव मालक असल्याची मिश्किल सही केली आहे. लोकसंख्याही दिली आहे : गोरे ६२९८, कृष्णवर्णीय ९३१३. त्याच्याच शिरगणतीनुसार बहुसंख्य कोण होते हे स्पष्ट आहे. नकाशावरच्या जागांची नावे मात्र बहुतांशी सार्टोरिस, कॉम्पसन, सटपेन अशा गोऱ्या घराण्यांची. मराठीत जनार्दन वाघमारे ह्यांच्यासारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय करून दिला, तरीही आपल्या वर्गांत फॉकनर एका तासाला आणि ते लेखक दुसऱ्या तासाला, असा शेजार न घडणारा अभ्यास होतो. जेम्स बाल्डविन ह्यांनी १९५६ मध्ये फॉकनरच्या 'जरा दमाने घ्या' ह्या सल्ल्याला दिलेले उत्तर त्याच्या कादंबऱ्यांसोबतच वाचायला लावावे, असे मला वाटते.

ऑक्सफर्डला गेलेल्याने आणखी शंभरएक किलोमीटर जाऊन, टेकड्या उतरून, कापसाच्या सपाट प्रदेशातले समनर गाठावे. तिथल्या न्यायालयात सप्टेंबर १९५५ मध्ये एमेट टिल ह्या चौदा वर्षांच्या मुलाच्या खुन्यांना सर्व गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने तासाभरात निर्दोष सोडले. पुढे त्या दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला आपली कबुली दिली. ती खोली आता १९५५ मध्ये होती तशी पूर्ववत केलेली आहे. लाकडी खुर्च्यांवर बसता येते. २००७ मध्ये ह्याच इमारतीसमोर काउंटीने टिल कुटुंबाची जाहीर माफी मागितली आणि २०२३ मध्ये ती राष्ट्रीय स्मारकाचा भाग झाली. टिलचे प्रेत टॅलाहॅची नदीत सापडले असे मानतात त्या जागी पाटी आहे. पहिली पाटी चोरीला गेली, नंतरच्या पाट्यांची गोळ्यांनी चाळण झाली. २०१९ च्या उन्हाळ्यात एक छायाचित्र उजेडात आले : गोळ्यांनी फुटलेल्या पाटीशेजारी बंदुका घेऊन हसत उभे असलेले तीन तरुण. ते ऑक्सफर्डच्या विद्यापीठाचे विद्यार्थी होते. त्याच वर्षी तिथे चौथी पाटी लागली. ती पोलादाची आहे, दोनशे किलोहून अधिक वजनाची, आणि गोळी तिच्यातून आरपार जात नाही.